उशिरा बोलणारा तापमापक

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की, तापमापक नव्हते तेव्हाचं तापमानही हिमनद्या किती पुढे आल्या आणि किती मागे हटल्या यावरून काढता येतं. वाक्य एकच, पण त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीच्या विषयांना रजा देतो आणि सगळी जागा हिमनद्यांना देतो. यात थोडा स्वार्थही आहे. भूशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्याआधी तरुणपणी दोन उन्हाळे मी हिमालयातल्या एका हिमनदीवर बांबूच्या काठ्या रोवत होतो. तो विषय कोणी काढला की मला थांबवणं घरच्यांनाही जमत नाही.

प्रश्न : हिमनदी वाढते ती जास्त बर्फ पडल्यामुळेही वाढू शकते. मग ती वाढली म्हणजे थंडी वाढली, हे कशावरून? हा तापमापक कसला, हा तर पर्जन्यमापक!

शंका रास्त आहे. सगळ्या पत्रांत मला हेच पत्र आवडलं, म्हणून ते पहिलं घेतलं.

हिमनदीचा संसार जमाखर्चावर चालतो. वरच्या अंगाला हिम साठतं, थरावर थर पडून त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्याच वजनानं उतारावरून सरकत खाली येतो. खालच्या अंगाला, म्हणजे हिमनदीच्या जिभेवर, तो वितळून संपतो. मधे एक उंची अशी येते, जिथे वर्षभरात जेवढं पडलं तेवढंच गेलं. तिला समतोल रेषा म्हणू. उन्हाळे तापले की ही रेषा वर सरकते. हवा दर शंभर मीटर उंचीला साधारण ०.६ अंशानं थंड होत जाते, त्यामुळे एक अंश वाढीला समतोल रेषा ढोबळमानानं दीडशे मीटर वर जाते. काल जो भाग जमेत होता तो आज खर्चात येतो. जिभेला पोसायला बर्फ पुरत नाही आणि ती आखडते.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी काठ्यांवर पाहिलं. हातानं फिरवायच्या गिरमिटानं बर्फात खोल भोक पाडायचं, काठी आत सोडायची, वर उरलेली लांबी वहीत टिपायची. उन्हाळा संपता संपता परत गेलो की जिभेवरच्या काठ्या माणसाच्या डोक्यावर गेलेल्या असत. काही तर पुऱ्या सुटून बर्फावर आडव्या पडलेल्या. वरच्या भागातल्या काठ्या मात्र शोधूनही सापडत नसत, नव्या हिमात गाडल्या गेलेल्या असत. या दोन टोकांच्या मधे एखादीच काठी जवळपास जशीच्या तशी उभी असे. समतोल रेषा म्हणजे काय, ते मला त्या काठीनं शिकवलं.

आता तुमचा मुद्दा. एक अंश जास्त तापलेल्या हवेनं केलेला तोटा भरून काढायचा तर सर्वसाधारण हिमनदीवर वर्षाची हिमवृष्टी सुमारे २५ टक्क्यांनी वाढावी लागते. एखाद्या रांगेत, काही वर्षांपुरतं, असं घडतं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याजवळची ब्रिक्सडाल हिमनदी १९९० च्या दशकात चांगली पुढे आली, कारण समुद्रावरून आलेल्या ओल्या हिवाळ्यांनी तिच्यावर भरपूर हिम ओतलं. त्या दशकात तिच्याकडे पाहून कोणी ‘जग थंड होतंय’ म्हणाला असता तर साफ फसला असता. पण आल्प्स, अँडीज, हिमालय, आफ्रिकेचा विषुववृत्तीय पट्टा आणि न्यूझीलंड, इतक्या सगळ्या ठिकाणी मिळून शतकभर हिमवृष्टी पाऊण-अर्ध्यावर यावी हे जमणारं नाही. त्यामुळे तुमचं म्हणणं एकेकट्या हिमनदीपुरतं खरं आहे. शंभर-दीडशे हिमनद्या एकाच दिशेला चालू लागल्या की मात्र ती गोष्ट तापमानाची असते.

अपवाद मान्य करायलाच हवेत. किलिमांजारोच्या माथ्यावरचा बर्फ विषुववृत्ताजवळ असून एवढ्या उंचीवर आहे की तिथली हवा बहुतेक काळ शून्याखालीच असते. तो आटला तो मुख्यतः कोरडेपणामुळे, बर्फाची सरळ वाफ होऊन. छायाचित्रांत तो फार दिसतो, पण तापमापक म्हणून तो कामाचा नाही. उलट मध्य आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्या जरा जास्तच हळव्या असतात. त्यांच्यावरचं बरंचसं हिम उन्हाळ्यात, मोसमी पावसाबरोबर पडतं. हवा थोडी तापली की वितळणं तर वाढतंच, शिवाय जे हिम म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं आणि वाहून जातं. खर्च वाढतो आणि जमाही घटते.

प्रश्न : हिमनदीनं मागे टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावरून तापमान काढण्याची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

स्वित्झर्लंडमधल्या व्हाले प्रांताचा इंजिनिअर इग्नाझ व्हेनेट्झ याला. १८१० चं दशक आल्प्समध्ये फार थंड गेलं होतं. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, १८१६ ला उन्हाळाच आला नाही, हिमनद्या पुढे सरकू लागल्या. ज्येत्रो नावाच्या हिमनदीचा बर्फ खालच्या दरीत कोसळून त्यानं नदी अडवली आणि मागे तळं साचलं. पाणी हळूहळू सोडून द्यावं म्हणून व्हेनेट्झनं बर्फातून बोगदा खणवून घेतला. बरंचसं पाणी गेलंही, पण जून १८१८ मध्ये बांध फुटला आणि दरी धुऊन निघाली.

या कामासाठी हिमनद्यांच्या अंगाखांद्यावर फिरताना त्याला दिसलं की, आजच्या जिभेच्या खूप पुढे, कुरणांत आणि जंगलांत, हिमनदीनं ढकलत आणलेल्या दगडमातीचे बांध पडलेले आहेत. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना हिमोढ म्हणतात. काही हिमोढांवर जुनं जंगल वाढलेलं, तर काही अगदी ताजे. दुसरीकडे, एकेकाळी माणसं वापरत असलेल्या खिंडी आता बर्फानं बंद झालेल्या. म्हणजे आल्प्स कधी आजच्याहून थंड होते, तर कधी उबदार. १८२१ मध्ये त्यानं जो निबंध लिहिला त्याचा विषयच मुळी ‘स्विस आल्प्समधील तापमानाचे बदल’ असा होता. तो छापून यायला १८३३ उजाडलं. एकेकाळी फार मोठा प्रदेश बर्फाखाली होता, या हिमयुगाच्या कल्पनेचं श्रेय लोक स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीला देतात. त्यानं ते गाजवलं हे खरं, पण या अभियंत्याचं नाव मागे पडलं याची मला कायम चुटपुट वाटते.

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या शतकात हिमनदीची लांबी कोण मोजत होतं? मग त्या काळचे आकडे आले कुठून?

मुद्दाम मोजत कोणीच नव्हतं. पण हिमनदी घराच्या दाराशी आली की माणसं कुठे ना कुठे लिहून ठेवतात.

फ्रान्समधल्या शामोनीच्या दरीत १६४४ मध्ये बर्फ वाडीवस्त्यांच्या इतका जवळ आला की बिशपला मिरवणुकीनं येऊन हिमनदीसमोर प्रार्थना करावी लागली. आलेत्श ही आल्प्समधली सगळ्यांत मोठी हिमनदी. तिच्या खालच्या फीश गावच्या लोकांनी १६७८ मध्ये नवस केला, की आम्ही सदाचारानं वागू, पण हिमनदी मागे ने. पुढे पिढ्यान् पिढ्या ती प्रार्थना चालू राहिली. अलीकडे हिमनदी इतकी मागे गेली की गावकऱ्यांनी थेट पोपकडे परवानगी मागितली, प्रार्थना उलटी करायची आहे म्हणून. २०१० मध्ये ती मिळाली. एकाच गावच्या एकाच प्रार्थनेतल्या या बदलाहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही. नॉर्वेत निगार्ड हिमनदी शेतं गिळत १७४८ पर्यंत पुढे आली. शेतकऱ्यांनी सारा माफ व्हावा म्हणून अर्ज केले, अधिकारी पाहणीला आले आणि दप्तरी नोंदी झाल्या. हवामानशास्त्राला त्या करवसुलीच्या कागदांचा फार उपयोग झाला.

मग चित्रं. स्वित्झर्लंडमधली खालची ग्रिंडेलवाल्ड हिमनदी गावाला अगदी लागून होती, त्यामुळे येणारा प्रत्येक चित्रकार तिच्यासमोर बसे. कास्पर वोल्फनं १७७० च्या दशकात ती रंगवली, सॅम्युएल बिर्मननं १८२६ मध्ये रेखाटली, आणि १८५५-५६ च्या सुमारास, ती पुन्हा एकदा पार खाली आलेली असताना, तिची छायाचित्रंही निघाली. अशी शेकडो चित्रं जमवून, प्रत्येकात मागे कोणता कडा दिसतो आणि जीभ कोणत्या खडकाला टेकली आहे ते ताडून, तिच्या लांबीचा सोळाव्या शतकापासूनचा आलेख बनवला गेला आहे. १६०० च्या सुमारास पुढे, १७७० च्या दशकाअखेर पुढे, १८२० ला पुढे, १८५५ ला पुढे आणि त्यानंतर मागे. यात चित्रकार प्रामाणिक असावा लागतो. कड्याला नाट्यमय उंची देणाऱ्यांना बाजूला ठेवायचं.

पद्धतशीर मोजणी फार उशिराची. ऱ्होन हिमनदीवर १८७४ पासून रंगवलेल्या दगडांच्या रांगा आडव्या मांडून त्या किती सरकतात ते पाहिलं गेलं. १८९४ मध्ये झुरिकला हिमनद्यांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याचा पहिला अध्यक्ष होता स्विस शास्त्रज्ञ फोरेल. आजही जगभरच्या नोंदी झुरिकमध्येच जमा होतात. हिमालयात गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा, म्हणजे गोमुखाचा, नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडननं १९३५ मध्ये केला. इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडनचा हा मोठा भाऊ. आज गोमुख तेव्हापेक्षा किती मागे गेलं, हे त्या नकाशाला धरूनच सांगितलं जातं.

आणि जिथे ना चित्र ना कागद, तिथे हिमोढ. त्याचं वय काढायच्या तीन युक्त्या आहेत. पहिली दगडफुलाची. दगड बर्फातून मोकळा झाला की काही वर्षांत त्यावर दगडफुलाचा ठिपका उगवतो आणि वर्षाला मिलिमीटरहूनही कमी अशा गतीनं पसरत जातो. ही गती ठरवायची कशी, तर जवळच्या दफनभूमीतल्या थडग्यांवरून. थडग्यावर साल कोरलेलं असतं आणि त्याच दगडावर दगडफूलही वाढलेलं असतं! १९५० मध्ये रोलांड बेशेलनं ही पद्धत मांडली. तिची मजा मला अजून वाटते, पण काही शतकांपलीकडे तिच्यावर फार भार टाकू नये.

दुसरी युक्ती बेरिलियमची. अवकाशातून येणारे किरण उघड्या खडकावर पडतात आणि गारगोटीत बेरिलियम-१० चे अणू तयार होतात. समुद्रसपाटीला एका ग्रॅममागे वर्षाला चारेक, उंचावर त्याच्या कितीतरी पट. बर्फाखाली असताना हे घड्याळ बंद असतं, बर्फ हटला की सुरू होतं. तिसरी युक्ती लाकडाची. हिमनदी जंगलात घुसून उभी झाडं गाडते, आणि ती पुढे कधीतरी उघडी पडतात. आलेत्शच्या काठाला अशी मुळांसकट सापडलेली झाडं आहेत. त्यांच्या वलयांवरून झाड कोणत्या वर्षी मेलं ते कळतं, म्हणजेच त्या वर्षी बर्फ तिथवर आला होता.

हिमोढांत एक खोट मात्र आहे. मागून येणारी मोठी चाल आधीच्या लहान चालींच्या खुणा पुसून टाकते. त्यामुळे हिमोढ सांगतात ते थंडीच्या टोकांबद्दल. मधले उबदार काळ त्यांच्यात दिसत नाहीत. त्यासाठी बर्फाखालून निघणाऱ्या वस्तूंकडे पाहावं लागतं. पेरूमधल्या केल्काया हिमटोपीच्या कडेला अमेरिकी हिमनदी-अभ्यासक लॉनी थॉम्पसनच्या चमूला २००२ मध्ये मुळांसकट जपलेली वनस्पती मिळाली, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. इतका नाजूक जीव एकदाही उघडा पडता तर कुजून गेला असता. म्हणजे एवढ्या काळात तिथला बर्फ आजच्याइतका लहान झाला नव्हता.

प्रश्न : शेजारशेजारच्या दोन हिमनद्यांपैकी एक मागे हटते आणि दुसरी जागची हलत नाही, असं वाचलं. मग खरं कोणाचं मानायचं?

दोघींचंही. फक्त एक आजचं सांगते आहे आणि दुसरी आजोबांच्या काळातलं.

हवा बदलली की जिभेचं टोक लगेच हलत नाही. आधी वरचा जमाखर्च बिघडतो, मग बर्फाची जाडी बदलते, मग वेग, आणि शेवटी टोक. या सगळ्याला लागणारा वेळ काढायचं सूत्र आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे : बर्फाच्या जाडीला जिभेवरच्या वार्षिक वितळीनं भागा. जाडी २०० मीटर, वितळ वर्षाला ५ मीटर, तर उत्तर आलं ४० वर्षं. आखूड, खड्या उताराची, पातळ हिमनदी दहा-वीस वर्षांत जागी होते. लांब, सपाट आणि जाड हिमनदीला शतकही लागतं. आलेत्श जिथे सगळ्यांत जाड आहे तिथे बर्फ ८०० मीटरहून खोल आहे. आज हवामान जिथल्या तिथे थांबवलं तरी ती कित्येक दशकं मागेच जात राहील.

यात आणखी एक आकडा लागतो : तापमान एक अंशानं बदललं तर हिमनदी अखेरीस किती लांबीनं बदलेल. कोरड्या हवेतली खड्या उताराची हिमनदी एक-दोन किलोमीटरनं, तर ओल्या हवेतली सपाट हिमनदी त्याच्या कितीतरी पट. हे दोन आकडे हाती आले की गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. चला, करून पाहू.

समजा, एका हिमनदीला एका अंशामागे २,००० मीटर बदल होतो आणि तिची प्रतिसादाची मुदत ४० वर्षं आहे. आजवर ती ६०० मीटर मागे हटली आहे आणि सध्या वर्षाला २० मीटरनं हटते आहे. घाईचा हिशेब म्हणेल, ६०० भागिले २,०००, म्हणजे तापमान ०.३ अंशानं वाढलं. पण हे चूक आहे, कारण हिमनदी अजून चालतेच आहे. तिचं देणं पुरतं फिटलेलं नाही. वेगाला मुदतीनं गुणा : २० गुणिले ४०, म्हणजे ८००. हे जे व्हायचं बाकी आहे ते. झालेले ६०० त्यात मिळवा, १,४०० झाले. त्यांना २,००० नी भागा. तापमानवाढ ०.७ अंश. पहिल्या उत्तराच्या दुपटीहून जास्त.

नेदरलँड्समधले हिमनदी-अभ्यासक योहानेस ऊर्लेमन्स यांनी २००५ मध्ये नेमकं हेच गणित, अर्थात पुष्कळ काळजीनं, जगभरच्या १६९ हिमनद्यांच्या नोंदींवर केलं. झाडांची वलयं नकोत, तापमापकांच्या नोंदी नकोत, केवळ हिमनदीची लांबी. निष्कर्ष असा निघाला की, सौम्य तापमानवाढ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सुमारे अर्धा अंश वाढ झाली. तापमापकांच्या नोंदींशी ते जुळतं. कमी उंचीच्या आणि जास्त उंचीच्या हिमनद्या जवळपास एकच गोष्ट सांगतात, हेही त्यात दिसलं. आकडा कितीही लहान वाटला तरी मला त्याचं मोल वाटतं ते साक्षीदार स्वतंत्र आहे म्हणून. ‘शहरं वाढली आणि तापमापक त्यात सापडले’ हा आक्षेप हिमनदीवर घेता येत नाही.

पण तिच्याकडून नको ते मागू नये. अमुक साली थंडी किती होती, हे हिमनदी सांगणार नाही. ती दशकांची सरासरी सांगते, तीही मुख्यतः उन्हाळ्याची. आलेख जसजसा मागे जातो तसतसे साक्षीदार कमी होतात. सतराव्या शतकापर्यंत पोहोचणाऱ्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि बहुतेक युरोपातल्या. शिवाय हवामान मुळीच बदललं नाही तरी चांगल्या-वाईट वर्षांच्या नुसत्या योगायोगानं एखादी हिमनदी शतकानुशतकांत शेकडो मीटर पुढेमागे भटकते. एकट्या हिमोढावरून ‘इथे तेव्हा इतकी थंडी होती’ असं छातीठोक लिहिणाऱ्यांना मी म्हणूनच जरा जपून वाचतो.

प्रश्न : आल्प्समधल्या हिमनद्या १८६० पासूनच मागे हटू लागल्या. तेव्हा कारखाने कितीसे होते? आणि तापमापक तर त्या काळी फारशी वाढ दाखवत नाहीत.

हा खरा पेच आहे, आणि त्यावर चांगली झुंज झाली आहे. २०१३ मध्ये एका गटानं मांडलं की दोष काजळीचा. कोळशाच्या धुरातली काजळी बर्फावर बसली, पांढरा बर्फ मळला, ऊन जास्त शोषू लागला आणि हवा न तापताच वितळला. कल्पना इतकी सुबक होती की मलाही लगेच पटली. २०१८ मध्ये दुसऱ्या गटानं आल्प्सच्याच एका उंच खिंडीतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब कांडीत, वर्षावर्षाची काजळी मोजली. ती ठळकपणे वाढते ती १८७५ च्या सुमारास, आणि तोवर हिमनद्या त्या माघारीतलं बरंच अंतर हटून बसल्या होत्या. गुन्हा घडून गेल्यावर आरोपी गावात आला म्हणायचा.

मग कारण काय? बरंचसं उत्तर आधीच्या थंडीत आहे. १८०८-०९ च्या सुमाराचा एक स्फोट, मग तांबोरा, मग १८३० च्या दशकातले आणखी काही, अशा ज्वालामुखींच्या माळेनं हिमनद्या त्यांच्या नेहमीच्या जागेहून पुढे ढकलल्या गेल्या होत्या. ढकलणारा हात निघाला की त्या मागे येणारच. आणि तापमापकांचं म्हणाल तर जुने तापमापक आजच्यासारखे पांढऱ्या झडपांच्या पेटीत नव्हते. ते उत्तरेकडच्या भिंतीवर टांगलेले असत आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्यांना तिरकं ऊन लागे. त्यामुळे जुने उन्हाळे प्रत्यक्षापेक्षा गरम नोंदले गेले. ते दुरुस्त केल्यावर दोन्ही साक्षी बऱ्याच जवळ आल्या. हिमनदीचं आणि तापमापकाचं पटलं नाही, तर दर वेळी चूक हिमनदीचीच असते असं नाही.

प्रश्न : काराकोरममधल्या काही हिमनद्या पुढे येत आहेत. मग?

काराकोरम खरंच वेगळं आहे. तिथल्या हिमनद्यांचा तोटा बाकीच्या हिमालयाच्या मानानं बराच कमी राहिला आहे. पण ‘पुढे येत आहेत’ यातला मोठा भाग उसळीचा असतो. काही हिमनद्या वर्षानुवर्षं वरच्या अंगाला बर्फ साठवतात आणि मग तळाशी पाणी अडकून घसरण झाली की एकदम सुटतात. काराकोरममधली कुतिया हिमनदी १९५३ मध्ये तीन महिन्यांत सुमारे १२ किलोमीटर पुढे आली. हवामान तीन महिन्यांत एवढं बदलत नाही. अशा हिमनद्या तापमानाच्या हिशेबातून वगळतात. समुद्रात तुटून पडणाऱ्याही वगळतात, कारण त्यांचं टोक हवेपेक्षा पाण्याच्या खोलीवर ठरतं. अलास्कातली हबर्ड शंभराहून अधिक वर्षं पुढेच येते आहे, तर तिथल्याच ग्लेशियर बे मधला बर्फ १७९४ नंतरच्या जेमतेम ८५ वर्षांत पन्नासहून अधिक किलोमीटर मागे गेला. दोन्ही खरं आहे, पण त्यातून अंश काढू नयेत.

प्रश्न : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार होत्या ना?

नाही. हवामानबदलावरच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात शिरलेली ती चूक होती. २०१० मध्ये ती जाहीरपणे मान्य झाली. शेकडो मीटर जाडीचा बर्फ इतक्या घाईनं जात नाही, हे वरच्या भागाकारावरूनही दिसेल.

प्रश्न : मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. पुढच्या वर्षी आमचा गट एका हिमनदीवर जाणार आहे. मुखाची जागा मोजताना काय सांभाळावं?

पहिलं म्हणजे, जिभेवर दगडमातीचं जाड आवरण असेल तर ती हिमनदी या कामाला घेऊ नका. आवरणाखालचा बर्फ टोक न हलवता नुसता पातळ होत राहतो, आणि टेपवर शून्य येतं. स्वच्छ बर्फाची, लहान, खड्या उताराची निवडा. दुसरं, मोजणी दर वर्षी एकाच सुमाराला करा, उन्हाळ्याच्या शेवटी. तिसरं, एकाच जागेवरून मोजू नका. टोक वेडंवाकडं असतं, चार-पाच समांतर रेषांवर मोजून सरासरी घ्या. फोटो ठरलेल्या दगडावर उभं राहून काढा.

तो ठरलेला दगड कसा निवडायचा, ते मात्र माझ्याकडून ऐका. पहिल्या उन्हाळ्यात मुखापासून काही पावलांवर एक भला थोरला धोंडा होता, खोलीएवढा. तो हलेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. त्यावर मी स्वतःच्या हातानं लाल रंगात बाण काढला, साल घातलं आणि तिथून टेप धरून अंतर लिहिलं. दुसऱ्या वर्षी गेलो तर अंतर जवळपास तेवढंच. आम्ही खूश, हिमनदी स्थिर आहे म्हणून. संध्याकाळी आमच्यातल्या एकानं सहज होकायंत्र लावलं आणि गप्प झाला. बाण समोरच्या सुळक्याकडे काढला होता, तो आता नदीच्या बाजूला वळला होता. धोंड्याखाली खणलं तर हातभर मातीखाली बर्फच बर्फ. धोंडा जमिनीवर नव्हताच. हिमनदीच्या सुटलेल्या तुकड्यावर बसून तोही खाली उतरत होता, आणि मी चालत्या गाडीतून स्टेशनाचं अंतर मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरीच्या कडेला, डोंगराच्या अंगच्या खडकावर नवी खूण केली. तुम्हीही मूळ खडकावरच करा, आणि त्याआधी हातोडीनं ठोकून पाहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षीच्या आकड्यावर तांबड्या शाईची काट आहे. शेजारी माझीच सही आहे, तारखेसकट.